वाडीभर काळी भाजी

ज्या हिवाळ्यात जर्मन फौजा फ्रेंच अमलातल्या आमच्या सूसा या बंदराच्या शहरात आल्या, त्याच हिवाळ्यात माझ्या वडिलांना बंदरावर कामाला नेलं. मानगूट धरून नेलं असं नाही. यहुदी पुरुषांनी सकाळी फावडी घेऊन हजर व्हावं, असा हुकूम निघाला होता. माझे वडील शिंपी. सुईहून जड हत्यार त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. त्यांनी शेजाऱ्याकडून फावडं मागून आणलं, ते खांद्यावर कसं धरायचं हेही त्यालाच विचारलं आणि दारात थांबून आईला म्हणाले, "मसऊदा, सालेमभाईंच्या कोटाची एक बाही लावायची राहिली आहे. ते आले तर शुक्रवारी देतो म्हणावं."

शुक्रवारी वडील आले नाहीत. सालेमभाई आले. त्यांनी तो एका बाहीचा कोट तसाच अंगात चढवला, आईकडे न बघता "छान झालाय, वहिनी" म्हणाले आणि तसेच रस्त्यानं निघून गेले.

पुढे आमच्या गल्लीतली घरं सैनिकांना राहायला हवी झाली. आई, मी आणि माझी धाकटी बहीण शुशाना, आम्ही गाठोडी घेऊन प्रार्थनाघराच्या अंगणात इतरांबरोबर बसून राहिलो. कुठे जायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. तिथे एके दुपारी अम्मारकाका बैलगाडी घेऊन आले. ते शहराबाहेरच्या एका वाडीतले शेतकरी. वडिलांचं गिऱ्हाईक, एवढीच आमची ओळख.

"वहिनी, चला," ते म्हणाले.

"कुठे?" आईनं विचारलं.

"आई म्हणाली, शिंप्याची माणसं घेऊन ये. त्यांना न घेता आलास तर जेवायला वाढणार नाही. सकाळपासून मी उपाशी आहे. तेव्हा जरा लवकर बसा."

आम्ही बसलो. त्यांनी आमच्यावर पेंडीची रिकामी पोती पसरली. वाटेत पहारा लागला. तिथे अम्मारकाका बैलाला इतक्या मोठमोठ्यानं शिव्या देत होते, की पहारेकऱ्यानं हसून गाडी सोडून दिली.

त्यांची आई म्हणजे तोर्किया आजी. वाडीत एक जुना तेलघाणा होता. त्याच्याभोवती थोडीशी घरं, सगळ्यांना मिळून निवडुंगाचं कुंपण आणि चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर जैतुणाची झाडं. घाणा आजीचा, त्यामुळे वाडीत शब्दही आजीचाच. तिनं आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं माझ्या मुलांच्या लग्नातले अंगरखे शिवले. एकाचीही शिवण अजून उसवली नाही. आत ये."

दुसऱ्या दिवसापासून आई वाडीतल्या बायकांसारखं लाल लोकरी वस्त्र खांद्यावर टाचून नेसू लागली. मला तपकिरी रंगाचा टोपीवाला झगा मिळाला आणि अली हे नाव मिळालं. फ्राजी हे माझं खरं नाव घ्यायला सगळ्यांना मनाई झाली. शुशाना लहान होती. तिला नाव नवं काय आणि जुनं काय! ती फक्त रोज सकाळी विचारायची, "बाबा आज?" आई म्हणायची, "आज नाही." ती मान डोलवायची आणि कोंबड्यांकडे जायची.

मला शिकवायचं काम शाद्लियानं अंगावर घेतलं. ती अम्मारकाकांची मुलगी, माझ्याच वयाची, पण मला धाकट्यासारखं वागवणारी. मी गाठोड्यात शाळेचं एक पुस्तक आणलं होतं. ते वाचताना तिनं मला पहिल्याच दिवशी पकडलं.

"काय रे कागदखाऊ बोकडा, शेळ्यांकडे कोण बघणार? तुझं पुस्तक?"

"मला शेळ्या राखता येत नाहीत."

"शेळ्यांना राखून घेता येतं. तू नुसता उभा राहा. आणि ऐक, कोणी परका येऊन विचारलं की इथे बाहेरचं कोण राहतं, तर काय म्हणशील?"

"मला माहीत नाही म्हणेन."

"झालं! मग तो म्हणेल, याला काहीतरी माहीत आहे. म्हणायचं, इथे आमच्याशिवाय कोणी नाही. म्हण."

"इथे आमच्याशिवाय कोणी नाही."

"खाली काय बघतोस? पैसे पडलेत? वर बघ. आणि आमच्यासारखं म्हण. मास्तरसमोर धडा म्हणल्यासारखं नको."

शेळ्यांमागे फिरताना, विहिरीवर, घाण्याच्या दारात, ती कुठेही अचानक पुढे येऊन भसाड्या आवाजात विचारायची, "काय रे पोरा, इथे बाहेरचं कोण राहतं?" मी उत्तर द्यायचो. चुकलो की डोक्यात टपली बसायची. शेवटी शेवटी तर मी झोपेतही तेच उत्तर देतो, असं आई म्हणायची.

वाडीमागे एक टेकाड होतं. तिथून दूरवर समुद्राची रेघ दिसायची आणि रेघेच्या कडेला सूसाच्या पांढऱ्या भिंती. विमानं येऊन गेली की बंदरावर धूर उभा राहायचा. धूर दिसला की वाटायचं, वडील त्याच्याखालीच असतील. आणि नसला की वाटायचं, आता येईल. शेळ्या चरत असायच्या आणि मी तिकडे बघत बसायचो. एवढ्या लांबून माणूस दिसत नाही हे मला कळत होतं. तरी बघायचो.

एकदा शाद्लिया येऊन शेजारी बसली. "तुझा बाप कुठल्या अंगाला?"

मी बोट दाखवलं.

"मग सांग ना त्याला, काय सांगायचं ते. माझा मामा फ्रेंचांच्या पलटणीत गेलाय तिकडे लांब. मी इथे बसून त्याला शिव्या घालते. तो माझी बकरी विकून गेला."

मी समुद्राकडे तोंड करून हळूच म्हणालो, "सालेमभाई कोट घेऊन गेले." ती हसली नाही. ती हसली नाही याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

जर्मन लोक दर आठवड्याला वाडीवाडीतून तेल सक्तीनं घेत. आमच्या वाडीचं तेल दर शुक्रवारी दुपारी अम्मारकाकांना स्वतः बंदरावर पोचवावं लागे. अशाच एका शुक्रवारी ते परत आले आणि हात धूत बसले. हात धुऊन झाले तरी धूतच होते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचे मालक दिसले."

आई त्यांच्यापुढे येऊन बसली.

"पोती वाहतायत. बारीक झालेत, पण पायावर उभे आहेत. कुंपणाच्या तारेपाशी आमच्यातले लोक अंडी, संत्री विकतात, पहारेकरी बोलत नाहीत. मी ओरडलो, संत्री घ्या, तोर्कियाच्या वाडीची संत्री! त्यांनी मान वळवली. कळलं त्यांना, तुम्ही कुठे आहात ते. तर काय म्हणावं त्यांनी? म्हणाले, वाडीची संत्री राहू द्या हो, घरचं काही नाही का? पहारेकऱ्याला वाटलं, भाव करतोय."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि आजीला विचारलं, "पुढच्या शुक्रवारी मला एक चूल मिळेल?"

आमच्यात शनिवारी चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारीच दोन्ही दिवसांचं शिजवून ठेवायचं. त्यात पकैला ही भाजी हवीच. ढीगभर पालक बारीक चिरायचा, तेलात टाकायचा आणि मंद आचेवर परतत राहायचं. हिरवा रंग जातो, तपकिरी येतो आणि अर्धी सकाळ सरली की भाजी काळीकुट्ट होते. मग त्यात पांढरा घेवडा, लसूण, पुदिना घालून पुन्हा शिजवायचं. आमच्या गल्लीत शुक्रवारी हा वास म्हणजे हवाच. घराघरातून यायचा, म्हणून कोणाच्या लक्षातही यायचा नाही. परक्या ठिकाणी तो ओळखू येईल हे आईच्याही लक्षात आलं नाही, ते त्यामुळेच.

शुक्रवारी पहाटेच तिनं पालकाला हात घातला. शाद्लिया मधून मधून डोकावून जात होती.

"मावशी, जळली."

"जळली नाही गं, होतेय."

"तुमच्याकडे सणाला डांबर खातात?" तिनं मला विचारलं. मी रागानं तिच्याकडे पाहिलं, पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. शुशाना कोंबड्या सोडून चुलीशी येऊन बसली होती. त्या सकाळी तिनं "बाबा आज?" असं विचारलंच नाही. तिला बहुतेक वाटलं, हा वास आला म्हणजे ते आलेच. वास खोलीतून अंगणात गेला, अंगणातून निवडुंगाच्या कुंपणाबाहेर. आई पळी फिरवत होती आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी घरातल्यासारखा दिसत होता.

शाद्लिया खालच्या विहिरीवर पाण्याला गेली होती. ती रिकामा घडा घेऊन धापा टाकत परत आली.

"आजी! तेल मोजायला येणाऱ्यांची लॉरी विहिरीवर आलीय. एक जर्मन आहे आणि एक आपल्यातला दुभाष्या. इंजिनात पाणी ओततायत. त्या दुभाष्यानं नाक वर केलं आणि हसला. मला म्हणतो, काय गं पोरी, तुमच्या वाडीत यहुदी कधीपासून राहायला आले? ही भाजी दुसरं कोणी करत नाही."

"तू काय म्हणालीस?"

"इथे आमच्याशिवाय कोणी नाही. तर म्हणतो, बघूच. आधी शेजारच्या घाण्यावरचं तेल मोजून घेतो, मग तुमच्याकडे. तो जर्मन त्याला हमूदा म्हणत होता."

आईच्या हातातली पळी थांबली. "हमूदा? आमच्या गल्लीच्या तोंडाशी न्हाणीघर होतं, तिथल्या बाईचा मुलगा. लहानपणी दर शुक्रवारी माझ्या सासूच्या दारात वाटी घेऊन बसायचा. आजी, हा वास ओळखायला तो चुकायचा नाही. मी ही आत्ता मातीत पुरते."

"भाजी पुरशील. वास कुठे पुरणार?" आजी म्हणाली. "भिंतींना लागलाय तो."

"मग आम्ही जातो. मुलांना घेऊन रानात जातो."

"लॉरी त्याच रानातून येणार आहे. गप्प बस, मला विचार करू दे."

आजी उंबऱ्यावर बसली. तिनं विचार केला म्हणजे काय केलं, तर पायातला काटा काढला. मग उठली आणि म्हणाली, "एका घरातून वास आला तर तो यहुद्यांचा. सगळ्या घरांतून आला तर तो आमचा. मसऊदा, पालक उरलाय का?"

"थोडा आहे."

"शाद्लिया, अली, एकेक मूठ प्रत्येक घरी टाका. नसेल पुरत तर बांधावरचा पाला घ्या, कुठलाही. तेल नसेल तर घाण्याच्या तळाचा गाळ घ्या. म्हणावं तोर्किया सांगतेय, काळा होईपर्यंत परता. आणि कोणी विचारलं तर रोज खातो म्हणा."

आम्ही पळालो. आमच्याबद्दल वाडीत कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, हे मला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं, सगळ्यांना माहीत होतं. कोणीही "का?" असं विचारलं नाही. एकीनं फक्त विचारलं, "हे खायचंय की नुसतं जाळायचंय?" दुसरी म्हणाली, "माझा नवरा म्हणतो तुला करपवल्याशिवाय काही येत नाही. आज बोलव त्याला."

मन्नूबिया मावशीनं मात्र दार पुरतं उघडलं नाही. तिचा नवरा पलटणीत होता, घरात तीन लहान मुलं होती.

"पोरी, आजीला सांग, मला पोरं आहेत," ती शाद्लियाला म्हणाली. "पकडले तर वाडी पेटवतील ते. पाहुणे तिचे आणि घर माझं जायचं?"

शाद्लियानं पाल्याची जुडी तशीच पुढे धरली. मी तिथेच उभा होतो. मन्नूबिया मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "मी काही ऐकलेलं नाही," ती म्हणाली आणि दार लावलं. आम्ही पाल्याची जुडी उंबऱ्यावर ठेवली. ठेवावी की नाही हेही आम्हाला कळत नव्हतं.

आम्ही परत येईतो आजीनं आईला आणि शुशानाला घाण्याच्या तळघरात, तेलाच्या रांजणांमागे बसवलं होतं. मलाही तिथेच जायचं होतं. पण मी अंगणात पाऊल टाकलं आणि मागोमाग लॉरी आत आली.

जर्मन सार्जंट तरुण होता आणि त्याला जबर सर्दी झाली होती. डोळे लाल, नाक त्याहून लाल. तो लॉरीतच बसून शिंकत राहिला. हमूदा उतरला. उंच, अंगात चामडी कोट. त्यानं एक खोल श्वास घेतला आणि त्याचा चेहरा गोंधळला. समोरच्या घरातून तोच वास येत होता. डावीकडून तोच. उजवीकडून जरा घाण, पण तोच. आणि एका घराच्या धुराड्यातून तर काळा धूर ढगासारखा निघत होता. ते घर मन्नूबिया मावशीचं होतं.

हमूदा आधी तिकडेच गेला. आजी त्याच्या मागे आणि आजीचा हात धरून मी.

"काय शिजतंय बाई?"

"भाजी," मन्नूबिया मावशी म्हणाली. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले होते.

"कोणी शिकवली?"

"भुकेनं. तेल तुम्ही नेता, पीठ तुम्ही नेता. राहिला पाला. तो किती परतला म्हणजे पोट भरेल ते बघतेय. बसा की, खाऊन जा."

हमूदानं बोट बुडवून चाखलं आणि दाराबाहेर जाऊन थुंकला. मावशीची तिन्ही मुलं खिदळली. पुढच्या घरी त्यानं थोडीच चाखली. त्याच्या पुढच्या घरी नुसतं पातेल्यात पाहिलं. "आवडली नाही का रे बाबा?" ती म्हातारी मागून ओरडली, "माझ्या नवऱ्यालाही नाही आवडत, पण तो निदान थुंकत नाही!" लॉरीतला सार्जंट काहीतरी ओरडला. बहुधा, किती वेळ लावतोस, असं. आणि पुन्हा शिंकला.

मग आम्ही आजीच्या घरी आलो. चुलीवर आईचं पातेलं होतं. आजी मला म्हणाली, "अली, पाहुण्यांना वाढ."

मी वाढलं. मी ताटली पटकन त्याच्यापुढे ठेवली. हमूदानं पावाचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता तो थांबला.

मग त्यानं दुसरा घास घेतला. त्याचं तोंड सावकाश हलत होतं आणि तो चुलीकडे बघत होता, पण चूल बघत नव्हता. त्यानं चामडी कोटाचं बटण सोडलं आणि मांडी घालून नीट बसला, एखादं पोर जेवायला बसावं तसा.

"काय रे पोरा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "इथे बाहेरचं कोण राहतं?"

मी मान वर केली. "इथे आमच्याशिवाय कोणी नाही."

"असं?" त्यानं ताटली पुढे केली. "अजून वाढ."

मी वाढलं. त्यानं ते संपवलं आणि पुन्हा ताटली पुढे केली. पातेल्याचा तळ लागला. त्यानं पातेलंच जवळ ओढलं आणि पावानं ते आतून पुसून पुसून खाल्लं. ती वडिलांची भाजी होती. अम्मारकाका दुपारी ती बंदरावर नेणार होते. मी बघत उभा राहिलो आणि मला एकाच वेळी वाटत होतं, खा, सगळी खा, आणि नको, थोडी तरी राहू दे.

सार्जंट दारात आला. त्यानं काहीतरी विचारलं. हमूदा उठला आणि त्यांच्या भाषेत बोलू लागला. मला शब्द कळले नाहीत. त्यानं बाहेरच्या सगळ्या घरांकडे हात फिरवला, नाक चिमटीत धरलं, खांदे उडवले. सार्जंट हसला, हसता हसता खोकला, आणि लॉरीकडे वळला.

हमूदा मागे राहिला. "आजी, ही कोणासाठी केली होती?"

"ज्यानं खाल्ली त्याच्यासाठी," आजी म्हणाली.

त्यानं दाराबाहेर लॉरीकडे एकदा बघितलं. "माझी बदली झालीय. पुढच्या खेपेला दुसरा येईल. त्याला नाक नाही, पण तो रांजणांच्या मागे बघतो." मग कोटाचं बटण लावत म्हणाला, "आणि शिजवताना झाकण ठेवायला सांगा."

लॉरी गेली. आजी उंबऱ्यावर बसली आणि तिनं पाणी मागितलं. शाद्लियानं आणलेलं पाणी ती घटाघटा प्याली. मन्नूबिया मावशी अंगणात आली. तिचा चेहरा काजळीनं माखला होता आणि ती सगळ्यांवर ओरडत होती, "आता हे पातेलं घासून कोण देणार? पाहुण्या पोरांची आई देणार का?"

आई तळघरातून वर आली. पातेल्यात बघत म्हणाली, "सगळी?"

"सगळी," मी म्हणालो.

"पुसून खाल्ली?"

"पावानं पुसून."

ती पातेल्याच्या काठावरून हात फिरवत राहिली. "मीठ बरोबर होतं का रे?" तिनं विचारलं. आमच्यापैकी कोणीच चाखली नव्हती. मग तिनं पातेलं बाजूला ठेवलं आणि मन्नूबिया मावशीचं घासायला घेतलं.

त्या दुपारी अम्मारकाका नेहमीसारखे तेल घेऊन गेले. संत्री, संत्री म्हणून ओरडत बराच वेळ तारेपाशी उभे राहिले. वडील दिसले नाहीत. कैद्यांतल्या काही जणांना दुसरीकडे नेलंय, एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आजीच्या भाचीची वाडी दूर आत होती, कैरवानच्या वाटेवर. छाटलेल्या जैतुणाच्या फांद्या डोक्यावर घेऊन बायका चालल्या होत्या, त्यांच्यात आई मिसळली. शुशाना अम्मारकाकांच्या खांद्यावर. शाद्लिया टेकाडापर्यंत आली. वाटभर माझ्या झग्याला, चालण्याला, पुस्तकाला नावं ठेवत होती. टेकाडावर आल्यावर थांबली.

"पुन्हा येशील ना रे, कागदखाऊ?"

"येईन."

"नाही येणार तू. शहरात गेलास की विसरशील." मग एकदम भसाड्या आवाजात, "काय रे पोरा, इथे बाहेरचं कोण राहतं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं टपली मारली नाही. ती वळली आणि शेळ्यांना हाका मारत खाली पळत गेली. तिथे शेळ्या नव्हत्या.

नव्या वाडीतली माणसं चांगली होती. पण तिथे टेकाड नव्हतं, समुद्र दिसत नव्हता. मला तोर्किया आजीच्या अंगणाची इतकी आठवण यायची, की कधी कधी मी आपल्या गल्लीची आठवण काढायलाही विसरायचो. मग मला वाईट वाटायचं, जणू मी वडिलांना विसरलो. आईनं पुन्हा ती भाजी केली नाही. शुक्रवारी ती दाराशी उगाच उभी राहायची.

वसंतात तोफांचे आवाज जवळ आले आणि मग एके दिवशी थांबले. रस्त्यानं इंग्रजांच्या गाड्या गेल्या, पोरं त्यांच्यामागे धावली. त्यानंतर माणसं दिसू लागली. एकेकटी, पायी, छावण्यांतून सुटलेली, घरं शोधत निघालेली. अम्मारकाकांचा निरोप आला होता की कुठेही जाऊ नका, रस्ते निवळू द्या. म्हणून मी रोज कुंपणापाशी शेळ्या घेऊन बसायचो आणि प्रत्येक माणसाकडे बघायचो.

एका दुपारी एक माणूस आला. डोकं भादरलेलं, गालांची हाडं वर आलेली. अंगात कोणा सैनिकाचा कोट, कमरेला दोरी. पाय अनवाणी. तो लंगडत कुंपणापाशी थांबला.

"बाळ," तो म्हणाला, "इथे सूसाची एक बाई राहते का? दोन मुलं आहेत तिला."

मी मान वर केली. त्याच्या डोळ्यांत बघितलं. "इथे आमच्याशिवाय कोणी नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. उन्हानं काळा पडलेला, झगा घातलेला शेतकऱ्याचा पोर. "बरं," तो म्हणाला. "देव तुझ्या आईबापाला सुखी ठेवो." आणि पुढे निघाला. थोडं अंतर गेला, दगडावर बसला आणि तळपाय वर करून बघू लागला. काटा होता. काढता काढता स्वतःशीच म्हणाला, "तोर्कियानं वाट सांगितली, वाडी मीच विसरलो. मग आता पलीकडची वाडी. मग तिच्या पलीकडची." ते स्वतःशी बोलणं आमच्या गल्लीतलं होतं. आवाज चिरकला होता, पण बोलणं आमच्या घरातलं होतं.

मला हाक मारायची होती. तोंडात पुन्हा तेच उत्तर येत होतं. मी शेळ्या सोडून त्याच्यापाशी गेलो, समोर बसलो आणि तो पाय मांडीवर घेतला.

"राहू दे रे पोरा," तो म्हणाला, "मी काढतो." मग त्याचा हात थांबला. त्यानं माझ्या डोक्यावरची टोपी मागे सारली.

"फ्राजी?"

मी मान हलवली. नाही.

"फ्राजी, अरे, तूच ना?"

"नाही," मी म्हणालो, "नाही, इथे कोणी नाही." तोवर वडिलांनी मला छातीशी ओढलं होतं आणि मी त्या सैनिकी कोटात तोंड खुपसून रडत होतो, आणि तरीही नाही नाही म्हणत होतो. आतून आई धावत येईपर्यंत.